मदत मागायला झालेला उशीर : तोरणा ते मोहरी वाटेवरचं एक प्रकरण

हे प्रकरण मुंबईतल्या एका ट्रेकिंग ग्रुपचं आहे. सहाही जणांशी स्वतंत्रपणे आणि वाटेवर मदत करणाऱ्या दोन्ही घरांशी बोलून ते लिहिलं आहे. नावं गाळली आहेत, आणि ज्या धनगरवाड्यावर रात्र काढली त्याची नेमकी जागाही सांगितलेली नाही. त्या घराने तशी विनंती केली नव्हती. पण दर शनिवारी अनोळखी माणसांनी दारात उभं राहावं इतकं मोठं ते घर नाही.

पार्श्वभूमी

ऑक्टोबरच्या मध्यावर राजगड–तोरणा–रायगड असा तीन दिवसांचा ट्रेक ठरला. पहिल्या दिवशी गुंजवण्यातून राजगड चढून संजीवनी माचीवरून तोरण्याकडे जायचं. दुसऱ्या दिवशी तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून हारपूडच्या बाजूने मोहरी गाठायचं. तिसऱ्या दिवशी बोराट्याच्या नाळेने, म्हणजे कड्यातल्या घळीने, कोकणात उतरून, लिंगाण्याचा सुळका डोक्यावर ठेवत, काळ नदीच्या खोऱ्यातून रायगडाच्या पायथ्याशी पोचायचं. सह्याद्रीतल्या लांब वाटांमध्ये ही जुनी आणि आवडती वाट.

सहा जण असे : लीडर डोंबिवलीचा, तिशीतला, ही वाट आधी केलेला. परळच्या एका हॉस्पिटलमधल्या सिस्टर. बोरिवलीचं एक तरुण जोडपं. भांडुपचा कॉलेजात शिकणारा पोरगा. आणि बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले काका, वय साठीच्या आसपास. काकांचा दम उत्तम, गुडघा मात्र उतारावर कुरकुरणारा. हे सगळ्यांना माहीत होतं.

मोहरीतल्या एका घरी शनिवारच्या रात्रीचं जेवण आणि मुक्काम फोनवरून सांगून ठेवला होता. या तपशिलाने पुढे बरंच काही ठरवलं.

हवामानाचा अंदाज

मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. त्या वर्षी पाऊस रेंगाळला होता. गुरुवारी रात्री दादरहून गाडीत बसण्याआधी लीडरने हवामान खात्याचं पान पाहिलं. पुणे आणि रायगड दोन्ही जिल्ह्यांना यलो अलर्ट, मेघगर्जना आणि विजांसह पाऊस.

यलो अलर्ट म्हणजे सावध राहा. तो अख्ख्या जिल्ह्याला असतो, पाऊस मात्र एखाद्या डोंगरावर पडतो आणि शेजारचा कोरडा राहतो. त्यामुळे ‘यलो तर रोजच असतो’ असं म्हणायची सवय लागते. या ग्रुपमध्येही कोणीतरी तसं म्हणालं.

तीन पर्याय बोलले गेले. ट्रेक पुढे ढकलायचा, फक्त राजगड–तोरणा करून वेल्ह्यातून परतायचं, किंवा ठरल्याप्रमाणे निघून दुपारनंतर डोंगराच्या धारेवर राहायचं नाही. लीडरने तिसरा निवडला. त्याच्या मनात नियम पक्का होता : दोननंतर उघड्या धारेवर चालायचं नाही.

मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. परतीच्या पावसात ढग दुपारी बांधले जातात, सकाळ बहुतेक वेळा स्वच्छ असते, हे निरीक्षण बरोबर आहे. पण दोनचा नियम लीडरच्या डोक्यातच राहिला. तो उरलेल्या पाच जणांना सांगितला गेला नाही. ज्याला नियम माहीतच नाही तो मोडला जात असताना कोण हटकणार?

शनिवार, दुपारपर्यंत

शुक्रवार निर्विघ्न गेला. रात्र तोरण्यावर मेंगाई देवीच्या देवळात काढली. शनिवारी साडेसहाला निघायचं होतं, पण धुकं इतकं दाट की समोरचा माणूस दिसेना. बुधला माचीकडची वाट अरुंद आहे, धुक्यात घाई नको म्हणून थांबले. हेही योग्यच. निघायला पावणेनऊ झाले.

इथे हिशेब बदलायला हवा होता. मोहरी नऊ-दहा तासांवर. सव्वादोन तास गेले म्हणजे मुक्कामाला पोचायला अंधार होणार आणि दुपारचा धोक्याचा वेळ नेमका धारेवर येणार. लीडरला हे कळत होतं. ‘पुढे वेग वाढवू’ असं त्याने ठरवलं. साठीचे काका आणि उतारावरचा गुडघा असताना वेग कुठून वाढणार होता, याचं उत्तर त्याच्याकडे नंतरही नव्हतं.

पावणेदोनला ते धारेखालच्या धनगरवाड्यावर पोचले. तीन-चार घरं, पुढे भाताची दोन खाचरं. पाणी भरायला आणि डबा खायला थांबले. घरातली माणसं घाईत होती. हळवं भात कापून खाचरात पसरलेलं, आणि आजी, तिचा मुलगा आणि सून त्याचे भारे बांधून डोक्यावरून पडवीत आणून टाकत होते. आजींनी हंड्यातलं पाणी दिलं आणि भारा खाली ठेवताना म्हणाल्या, “आभाळ भरतंय. आजची रात हितंच ऱ्हावा. म्होरं उघडं रान हाय.”

पहिला खरा निर्णय

या एका वाक्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं पाहिजे. इथून पुढचं बरंचसं टळू शकलं असतं.

लीडरने वर पाहिलं. पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला, आकाश निळं होतं. मुंबईच्या माणसाचा पाऊस समुद्राकडून येतो. जून ते सप्टेंबर आपण पश्चिमेला बघूनच छत्री उचलतो. परतीच्या दिवसांत हे उलटतं. वारे पूर्वेचे होतात, ढग घाटमाथ्यावर आणि त्याच्या पूर्वेला वाढतात आणि संध्याकाळी पश्चिमेकडे सरकतात. आजी पूर्वेला बघून बोलत होत्या. पूर्वेची बाजू डोंगरामुळे वाड्यावरून अर्धीच दिसत होती, आणि जेवढी दिसत होती तेवढी काळवंडली होती.

थांबण्याच्या बाजूने बरंच काही होतं. दोन वाजत आले होते, स्थानिक माणूस स्पष्ट सांगत होतं, छप्पर समोर होतं. पुढे जाण्याच्या बाजूने, लीडरच्या शब्दांत, “मोहरीला सहा माणसांचं जेवण सांगितलंय. फोनला रेंज नाही. आपण गेलो नाही तर त्यांचं अन्न वाया जाणार, वर काळजी करत बसणार.” दुसरं कारण त्याने जरा वेळाने सांगितलं. बोलावणं नसताना अनोळखी घरात सहा जणांनी घुसायचा त्याला संकोच वाटला. “त्यांची कामाची गडबड चालली होती. त्यात आपण कुठे?”

हा संकोच चांगल्या माणसाचा आहे, म्हणून तो समजून घ्यायला हवा. पण सिस्टरनी नंतर त्यावर जे सांगितलं ते मला या सबंध प्रकरणाचं सार वाटतं. दोन वाजता थांबलो असतो तर भारे उचलायला बारा हात मिळाले असते. भात तासाभरात आत गेलं असतं, दिवसाउजेडी चूल पेटली असती, कोण कुठे झोपणार ते नीट ठरलं असतं. त्या वेळी ते त्या घराच्या उपयोगाचे होते. रात्री सातला गेले तेव्हा नुसतं ओझं होते.

दोन वाजून वीस मिनिटांनी ते निघाले. आजी पुन्हा काही बोलल्या नाहीत.

पठारावरचं वादळ

पहिला गडगडाट तीनच्या सुमारास ऐकू आला. साडेतीनला वारा थांबला आणि लगेच उलट दिशेने सुटला. मग पूर्वेकडची धार दिसेनाशी झाली.

पोराने मोबाइल काढून दामिनी ॲप उघडलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं हे ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता आधी कळवतं आणि त्याचा खरंच उपयोग होतो. पण त्याला नेटवर्क लागतं, आणि या धारेवर ते नव्हतं. इथे कामाला आली ती जुनी मोजणी. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे, म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. मोजलेले सेकंद तीसच्या आत आले की आडोसा शोधायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. सिस्टर मोठ्याने मोजत होत्या. अठरा आले. पुढची चमक, अकरा.

इथे लीडरने फार चांगलं काम केलं. पठारावर एकच मोठं झाड होतं आणि जोडपं तिकडे पळत सुटलं होतं. त्याने ओरडून त्यांना मागे फिरवलं. थोडं पुढे कातळाला पुसटशी कपार होती, तीही टाळली. उथळ कपारीच्या तोंडाशी बसणं विजेच्या वेळी उघड्यावर बसण्याइतकंच, कधी त्याहून वाईट, कारण कातळावरून आलेला प्रवाह तोंडाशी बसलेल्या माणसातून उडी घेतो. त्याने सगळ्यांना धारेवरून उतारावरच्या कारवीच्या झुडपांत उतरवलं. एकसारख्या उंचीची कारवी, धारेपासून बरीच खाली. काठ्या लांब ठेवायला लावल्या. एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं अंतर, सॅक खाली घेऊन तिच्यावर उकिडवं, टाचा जुळवून. पाऊस गारांसकट आला. पुढची चाळीसेक मिनिटं बोलणं शक्यच नव्हतं.

काकांचा पाय मात्र कारवीत उतरतानाच मुरगळला होता. ते त्यांनी पाऊस ओसरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

दुसरा निर्णय : ओढा

पावणेपाचला गडगडाट लांब गेला. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून ते निघाले. मोहरीच्या अलीकडच्या ओढ्याशी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते आणि सूर्य मावळतीला टेकला होता. एरवी दगडांवर पाय ठेवून ओलांडावा असा तो ओढा. आता पाणी मांडीपर्यंत, गढूळ, आणि तळातून धोंडे गडगडत असल्याचा आवाज. पाणी किती खोल यापेक्षा हा आवाज महत्त्वाचा. तळ हलतोय म्हणजे पाय टेकायला जागा नाही.

चार गोष्टी सुचल्या. दोरी बांधून ओलांडायचं. पाणी उतरेपर्यंत काठावर बसायचं. लीडर आणि पोराने पलीकडे जाऊन मोहरीतून माणसं आणायची. किंवा धनगरवाड्यावर परतायचं.

लीडरचा कल तिसऱ्याकडे होता. सिस्टर ठाम उभ्या राहिल्या : “ग्रुप फोडायचा नाही. तुम्ही दोघं वाहून गेलात तर आम्हाला ते कळणारही नाही.” काठावर बसणं काकांच्या ओल्या कपड्यांमुळे बाद झालं. ते थरथरत होते आणि बोलताना शब्द अडखळत होते, ते सिस्टरनी बघितलं होतं. दोरी कोणी नीट वापरलेली नव्हती. मग परतायचं ठरलं. लीडरने इथे वाद घातला नाही, ही त्याची जमेची बाजू. आपण नेतृत्व करतोय म्हणून आपलाच पर्याय चालला पाहिजे, हा हट्ट अशा वेळी माणसं मारतो.

काकांना दोघांच्या खांद्यावर घेऊन, बॅटरीच्या उजेडात, वाड्यावर पोचायला सव्वासात झाले.

धनगरवाड्यावरची रात्र

आजींनी दार उघडलं. एक शब्दही टोमण्याचा नाही. “आत या, आधी चुलीम्होरं बसा. म्हाताऱ्याला आत घ्या.” म्हातारा म्हणजे काका. त्या स्वतः त्यांच्याहून मोठ्या असाव्यात.

सुनेने कोरडी लुगडी आणि घोंगडी काढून दिली. काकांची थरथर थांबायला पाऊण तास लागला. कोरडं घोंगडं, गूळ घातलेला कोरा चहा आणि चुलीची ऊब, एवढंच औषध होतं आणि तेच बरोबर होतं. पाय सिस्टरनी बांधला. रात्री तांदळाची भाकरी आणि सुक्या मिरच्यांचा ठेचा झाला. घरातल्यांचं जेवण पाहुण्यांच्या नंतर झालं. भाकऱ्या कमी पडल्या असणार, पण तसं कोणी जाणवू दिलं नाही.

सकाळी कळलं ते वेगळंच होतं. दुपारी भात आणून टाकलं ती पडवी हीच घरातली कोरडी जागा. सहा माणसांना झोपायला पडवी हवी म्हणून रात्री मुलाने आणि सुनेने निम्मे भारे उचलून गोठ्यात, म्हशींच्या पलीकडे, नेऊन रचले. गोठ्याचं छप्पर गळत होतं. सकाळी खालचे भारे भिजलेले निघाले. भिजलेलं भात लवकर वाळलं नाही तर दाण्याला कोंब फुटतो. मुलगा आणि सूनही रात्रभर गोठ्यातच होते.

हे कोणी बोलून दाखवलं नाही. भांडुपचा पोरगा तोंड धुवायला मागे गेला तेव्हा सून उन्हात भारे सोडून पसरत होती, म्हणून दिसलं.

आणखी एक खर्च होता. मोहरीचा यजमान सहा जण आले नाहीत म्हणून गावातल्या दोघांना घेऊन रात्री ओढ्यापर्यंत आला होता. पाण्यामुळे अलीकडे येता येईना. दहा वाजेपर्यंत काठावरून हाका मारत, बॅटरी फिरवत ते उभे होते. ग्रुप तेव्हा जेवून झोपला होता.

ट्रेकवरून आल्यावर आपण ‘गावातली माणसं किती मोठ्या मनाची’ असं लिहितो. ते खरंच असतं. पण त्या मोठेपणात कोणाचं भात भिजलं, कोण रात्री ओढ्यावर उभं राहिलं, हे लिहिलं जात नाही. ते लिहिलं नाही तर पुढचा ग्रुप ते मोठेपण गृहीत धरून निघतो.

काकांनी या सगळ्यावर २६ जुलै २००५ ची रात्र सांगितली. सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. त्यांची गाडी प्रवाशांसकट पाण्यात अडकली होती आणि बाजूच्या चाळीतल्या बायकांनी रात्रभर चहा, बिस्किटं, पोरांसाठी दूध आणून दिलं. “त्या बायकांच्या घरातही पाणी शिरलेलं होतं,” काका म्हणाले. “ते मला दुसऱ्या दिवशी गाडी काढताना दिसलं.”

तिसरा निर्णय : नाळ

रविवारी लख्ख ऊन पडलं. पाणी उतरलं, ग्रुप मोहरीला पोचला. काकांना जीपने वेल्ह्याला पाठवायचं हे नक्की होतं, मोहरीपर्यंत गाडीरस्ता आहे. प्रश्न उरलेल्यांचा होता. बोरिवलीच्या जोडप्याला रायगड करायचाच होता. आकाश स्वच्छ, पाय ठीक, एवढं चालून आल्यावर सोडायचं का?

नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ, मोठ्या धोंड्यांनी भरलेली. रात्रभर पाणी वाहून गेल्यावर ते धोंडे सुटे होतात, आणि वरून सुटलेल्या दगडाला खाली जायला तीच एक वाट असते, जिच्यात आपण उभे असतो. ऊन पडल्याने हा धोका कमी होत नाही. मोहरीच्या यजमानाने सांगितलं, “आज आमीबी उतरणार न्हाई.” या वेळी लीडरने ऐकलं. सगळे जीपने वेल्ह्याला आणि तिथून स्वारगेटमार्गे मुंबईला परतले. काकांचं हाड मोडलेलं नव्हतं, सांधा ताणला होता.

परतफेड

मोहरीच्या घराचे न जेवलेल्या रात्रीचेही पूर्ण पैसे दिले. यजमान नको म्हणत होता, पण तो त्याचा व्यवसाय आहे आणि अन्न शिजलं होतं. इथे आग्रह योग्य होता.

आजींच्या बाबतीत तसा सरळ हिशेब नव्हता. लीडरने पैसे पुढे केले तेव्हा त्या नुसत्या हसल्या : “पावण्याकडनं पैसं घेत्यात व्हय?” जोडप्यातल्या तरुणाने सुचवलं, नोटा घोंगडीखाली ठेवू. सिस्टरनी नको म्हटलं. नाही म्हटलेलं असताना लपवून पैसे ठेवणं म्हणजे त्यांचं म्हणणं खोडून काढणं. मला हे पटतं. त्याऐवजी निघण्याआधी पाचही जणांनी दीड तास भारे उन्हात पसरले, आणि दिवाळीनंतर लीडर आणि पोरगा परत गेले. जाण्याआधी काय आणू ते मोहरीच्या यजमानाकडून निरोप धाडून विचारलं. उत्तर आलं, ताडपत्री. गोठ्यावर घालायला एक आणि भातावर घालायला एक.

काय वेगळं करता आलं असतं

ग्रुपच्या परळमधल्या बैठकीत यावर बराच वेळ चर्चा झाली. लीडरला धारेवर धरण्यात कोणाला रस नव्हता. विजेत त्याने सहा जीव सांभाळले होते.

दोनचा नियम निघतानाच सगळ्यांना सांगायचा आणि तो मोडायचा झाल्यास सहाही जणांचा होकार लागेल, हे मान्य झालं. सकाळी दोन तास उशीर झाला की मुक्काम तिथेच बदलायचा, पुढे वेग वाढवण्याच्या भरवशावर राहायचं नाही. मुक्कामाच्या घरी फोन करताना ‘येतोय’ एवढंच सांगायचं नाही, ‘पाचपर्यंत आलो नाही तर आम्ही अमुक वाडीत थांबलोय असं समजा, शोधायला निघू नका’ हेही सांगायचं. हा एक निरोप असता तर जेवण सांगितल्याचं दडपण लीडरवर आलंच नसतं आणि तीन माणसं रात्री ओढ्यावर गेली नसती. शिवाय प्रत्येकाने एका जास्तीच्या वेळेचा शिधा, तांदूळ, डाळ, तेल, गूळ, न उघडता न्यायचा. तो आपल्यासाठी नाही. ज्या घरात अवचित शिरावं लागेल त्या घराच्या चुलीपाशी ठेवायला. जुने भटके हे करायचेच, तयार पाकिटांच्या नादात ते सुटलं.

एका मुद्द्यावर एकमत झालं नाही. लीडरचं म्हणणं, या वाटेवर दुपारचा थांबा म्हणून तो धनगरवाडा पुढच्या आखणीत धरावा आणि त्या घराला मुक्कामाचे पैसे ठरवून द्यावेत. सिस्टरचं म्हणणं, एकदा कागदावर आलं की ते घर आपल्याला नाही म्हणू शकणार नाही, भात कापायचे दिवस असले तरी. मी सिस्टरच्या बाजूने बोललो, पण लीडरचा मुद्दाही पोकळ नाही. पैसे मिळाले तर गोठ्याचं छप्पर नीट होईल.

शेवटी ठरलं की आजींनाच विचारायचं. फेब्रुवारीत, कामं उरकल्यावर, सिस्टर आणि काका वेल्ह्यामार्गे गाडीने मोहरीपर्यंत आणि तिथून चालत वाड्यावर गेले. आजी म्हणाल्या, थंडीत आणि उन्हाळ्यात या, चार माणसं या, आदल्या आठवड्यात मोहरीला निरोप द्या, जेवणाचे पैसे सून घेईल. भात कापायच्या महिन्यात नको. ग्रुपच्या आखणीत आता हे असंच, त्यांच्या शब्दांत, लिहिलेलं आहे.